गोंदिया ते विनिपेग, सरळ रेघेत

४ नोव्हेंबर

विमानाची घरघर मी पहिल्यांदा ऐकली ती कवितेच्या तासाला. कामठ्याची शाळा, चौथीचा वर्ग. सगळे एका सुरात कविता म्हणत होतो, गुरुजी टेबलावर छडीने ठेका धरून होते, आणि त्या ठेक्याच्या खालून एक आवाज चढत आला. आधी वाटलं, कुणी धानगिरणीचं इंजिन सुरू केलं. मग कौलं थरथरली. गुरुजींनी छडी ठेवली आणि म्हणाले, "जा, पाहून या." आम्ही धानाच्या बांध्यांतून बिरसीच्या बाजूला धावत सुटलो. इंग्रजांनी लढाईसाठी बांधलेल्या त्या धावपट्टीवर एक विमान उतरत होतं. मागून धोतराचा सोगा धरून गुरुजीही पळत आले. उरलेली कडवी दुसऱ्या दिवशी म्हटली, पण पुस्तकात कुणाचं लक्ष नव्हतं. सगळ्यांच्या माना खिडकीकडे.

तेव्हापासून कोणतीही कविता तोंडात आली की तिच्या बुडाशी ती घरघर असतेच. आता बिरसीला विमान शिकणारी मुलं दिवसभर डोक्यावरून घिरट्या घालतात, एखादं प्रवासी विमानही कधी असतं, कधी नसतं. गावात कुणी मान वर करत नाही. मी करतो.

वही आज सुरू केली, कारण माझ्या बायकोला, फुलवंताला, नागपूरच्या दवाखान्यातून घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा, मागेल ते खाऊ द्या. महिनाभर मीठ बंद, तिखट बंद, तेल बंद होतं. सगळं मोकळं केलं. पथ्य उठलं म्हणजे आजार उतरणीला लागला, असं मी धरतो. ओमेश्वरीला तसं बोललो तर ती गाडीच्या खिडकीतून बाहेर बघत राहिली. पोरीला गाडी लागली असेल. आमगावचं सासर सोडून ती आईपाशी राहायला आली आहे, जावयांनी काही कुरकुर केली नाही, हे नशीब.

घरी आम्ही पोवारी आणि झाडीबोली मिसळून बोलतो, गावात झाडीबोली, बाजारात हिंदी. वही मात्र शाळेच्या मराठीत लिहायची असं ठरवलं आहे. बोलणं जसं कानावर राहील तसं उतरवीन.

७ नोव्हेंबर

पोराचा, लोकेंद्राचा, फोन आला. तो विनिपेगला असतो, कॅनडात. शिकायला म्हणून गेला, मग तिथंच कामाला लागला. सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत एकदाही घरी आलेला नाही. फोनवर दिसतो, नेहमी त्याच पांढऱ्या भिंतीसमोर, डोक्यात लोकरीची टोपी, घरात बसूनही.

"एवढ्या हळू काऊन बोलतं गा?" मी विचारलं.

"बाकीचे झोपले हायेत बाबूजी."

"आमच्याकडं तं उजेड पडला."

"तुमच्याकडं उजेड, आमच्याकडं अंधार. उलटं हाय ना इकडं."

तो बारीक दिसला. थंडीच्या देशात माणूस आकसत असावा. लोखंड आकसतं, तसं विज्ञानाच्या पुस्तकात होतं. मी म्हणालो, मायला घरी आणलं आहे, तू एकदा येऊन जा. तो म्हणाला, सुट्टीचं पाहतो. मी म्हणालो, सहा वर्षांत सुट्टी न देणारी कसली ही कंपनी, आमच्या गावातला सालगडी बरा, त्याला पोळ्याला तरी मोकळीक असते. तो हसला नाही. खाटेवरून फुलवंता म्हणाली, "त्याले त्रास नका देऊ जी."

आजारी माणसाला दुसऱ्याच्या त्रासाची फार काळजी. तिचा स्वभावच तसा.

९ नोव्हेंबर

आज चुन्नीलालच्या दुकानात गेलो. बस थांब्याजवळ त्याचं ऑनलाइन सेंटर आहे. सातबारा, आधार, रेल्वेचं तिकीट, सगळं तिथं निघतं.

"चुन्नी, विनिपेगहून गोंदियाले याले किती वेळ लागते, पाह्य बरं."

"कोण येऊन राहिलं, दादाजी?"

"लोकेंद्र."

"येऊन राहिला का?"

"तू पाह्य तं."

त्याने दोन्ही नावं टाकली. पडद्यावर नकाशा उघडला, दोन ठिपके आणि मधे एक रेघ. खाली लिहिलेलं त्याने वाचून दाखवलं. अंतर बारा हजार सत्तर किलोमीटर, उड्डाणाचा वेळ पंधरा तास. आणि ठिपक्याशी चक्क गोंदिया विमानतळ असं लिहिलेलं. म्हणजे आपलं बिरसी. ज्या धावपट्टीकडे आम्ही कविता सोडून पळालो होतो, ती कॅनडाच्या कम्प्यूटरला माहीत आहे. मी त्याला ते नाव दोनदा वाचायला लावलं.

"पंधराच तास? गोंदियाहून पुण्याले रेल्वेनं याहून जास्त लागतात."

"हाव ना."

"म्हणजे कॅनडा पुण्याच्या अलीकडं झालं."

"झालं तं," चुन्नी म्हणाला. "पण दादाजी, पुण्यावाले तरी कोठं येतात?"

दुकानात सातबाऱ्याला थांबलेले दोघं हसले. मीही हसलो. रेघ पडद्यावर वाकडी दिसत होती, त्याचं कारण विचारलं. तो म्हणाला, पृथ्वी गोल आहे म्हणून तशी दिसते, खरं म्हणजे ती सरळच आहे, नाकासमोर उत्तरेला. गोंदियातून वर निघायचं, उत्तर ध्रुवावरून पलीकडे उतरायचं की विनिपेग.

घरी येताना पाय हलके झाले होते. पोरगा नाकासमोर आहे, एवढंच आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

१० नोव्हेंबर

फुलवंताला ती सरळ रेघ कशी ते समजेना. मांडवावरचा भोपळा काढून आणला. त्यावर कोळशाने खूण केली: हे आपलं कामठा, हे त्याचं विनिपेग. देठाला ध्रुव केलं. ओमेश्वरीच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेऊन देठावरून ताणला.

"इकडून बालाघाट, जबलपूर, लखनऊ. मग नेपाळ. मग हिमालय."

"हिमालयावरून जाते?"

"वरून. त्याच्यापुढं तिबेट, कझाकस्तान, मग रशिया, सगळं बर्फ. मग हा देठ. देठ ओलांडला की उताराला कॅनडा."

तिने दोऱ्यावरून बोट फिरवलं. देठापाशी थांबली. "येथं लोक राह्यतात का?"

"कोणी नाही."

"मंग पाणीबिणी कोण देते त्याले वाटेत?"

"विमानातच देतात."

"बरं हाय." तिने भोपळा मांडीवरून माझ्याकडे सरकवला. "आता हे सगळे देश ओमेश्वरीले द्या, संध्याकाळच्या भाजीत कापून टाकते. दोरा सांभाळून ठेवा, लाल रंगाचा तेवढाच हाय."

बऱ्याच दिवसांनी अशी बोलली. अन्न जात नाही, पण बोलण्यात जोर आहे. भोपळ्याची भाजी तिने जिभेला लावून परत केली.

१३ नोव्हेंबर

सकाळी म्हणाली, "माही खाट फिरवून द्या. उत्तरेले डोकं करा."

मी म्हणालो, "काहीबी बोलतं. उत्तरेले डोकं कोणाचं करतात, माहीत हाय ना?"

"माहीत हाय म्हणूनच म्हणून राहिली. तिकडूनच येणार हाय ना तो. जवळ पडल."

आणि हसली. असल्या गोष्टीत तिला गंमत वाटते, मला वाटत नाही. लहानपणी आजोबांना अंगणात तसं ठेवलेलं पाहिलं तेव्हापासून मी झोपताना दिशा दोनदा तपासतो. मी खाट फिरवली, पण उलटी. डोकं दक्षिणेला, तोंड उत्तरेला. म्हणालो, पोरगा दारात येईल तेव्हा तो तोंडाला दिसायला पाहिजे, डोक्याला थोडाच दिसतो? तिने ते मान्य केलं. उत्तरेच्या भिंतीत खिडकी नाही, कोनाडा आहे. ती कोनाड्याकडे बघत पडून राहते.

पुतण्या देवानंद भिंतीपलीकडे राहतो. सारखा येऊन बसतो. म्हणाला, "काकाजी, लोकेंद्रभाऊ काय म्हणते?" मी त्याला पंधरा तास सांगितले. तो उठून चालू लागला. पुढारीपण करणारा माणूस, सल्ला दिल्याशिवाय कधी उठत नाही.

१६ नोव्हेंबर

रविवार. लोकेंद्राचा फोन. मी त्याला समजावून सांगितलं की आता सगळं किती सोपं आहे. इकडे यायला पुण्याहून कमी वेळ लागतो. तू रात्री जेवून बसलास तर दुसऱ्या दिवशी मायच्या हातचं नाही तर ओमेश्वरीच्या हातचं जेवशील. तो ऐकत होता. त्याच्या मागे कुणीतरी खोकललं, दिवा लागला, पुन्हा विझला.

"कोणी सांगितलं बाबूजी, पंधरा तास म्हणून?"

"चुन्नीच्या कम्प्यूटरनं."

"बरोबर हाय," तो म्हणाला. "तेवढंच अंतर हाय."

मग फुलवंताने फोन मागितला आणि मला म्हणाली, घरामागच्या वाडीतून एक पेरू आणून द्या, खावासा वाटून राहिला. पेरूच्या झाडाला या दिवसांत वरच्या फांदीलाच काही राहतं. काठीने पाडायला वेळ लागला. परत आलो तेव्हा फोन बंद होता आणि ती पदराने त्याची काच पुसत होती.

"काय म्हणाला?"

"येतो म्हणे."

"कधी?"

"तुम्ही पेरू आणला का?"

पेरू कापून दिला. खाल्ला नाही. हातात धरून वास घेत राहिली. ओमेश्वरी उगाच मागच्या अंगणात गेली आणि बराच वेळ नळ सोडून ठेवला. पाण्याची अशी नासाडी मला आवडत नाही, पण आज बोललो नाही. घरात आनंदाची बातमी होती.

१९ नोव्हेंबर

संध्याकाळी एक खेळ चालू झाला आहे. दिवा लावला की ती विचारते, "आज कोठवर आला?" मी सांगतो. तो निघालेला नाही हे दोघांनाही माहीत आहे, पण रस्ता पाठ असावा. शाळेत कविता पाठ करून घ्यायचे तसंच, परीक्षेच्या आधी. बर्फावर विमानाची सावली कशी पळत असेल, ढगांच्या वरती चंद्र किती स्वच्छ असेल, हे मी सांगतो. तिथं काय दिसतं मला कुठं माहीत, शब्द आपोआप येतात. मध्ये यमकही जुळलं.

आज म्हणाली, "काल तुम्ही त्याले हिमालय पार करून दिला होता. आज पुन्हा रशियात कसा काय?"

मी म्हणालो, "हवा खराब होती. परत फिरवलं."

"असं नका करत जाऊ," ती म्हणाली. "थकून जाते लेकरू."

२१ नोव्हेंबर

दुपारी फुलवंता गेली.

आज दिवा लावायची वाट न पाहता तिनेच दुपारी विचारलं, कोठवर आला. मी म्हणालो, ध्रुव ओलांडला. ती म्हणाली, "मंग आता उतारच हाय." आणि डोळे मिटले. मला वाटलं, ऐकते आहे. मी त्याला रशियातून खाली आणला, तिबेटच्या तळ्यांवरून, नेपाळवरून, लखनऊवरून. जबलपूरला नर्मदा दाखवली. बालाघाटपर्यंत आणला, तेव्हा माझं तिच्या हाताकडे लक्ष गेलं.

बालाघाटहून आपलं गाव दिसतं म्हटलं तरी चालेल.

लोकेंद्राला ओमेश्वरीने फोन लावला. तिकडे पहाट होती. तो रडायला लागला. मग म्हणाला, "निघतो बाबूजी. मी निघतो." दोनदा म्हणाला.

लोक जमले. लाकडं आली. देवानंद म्हणाला, "काकाजी, दिवस हाय तोवर उरकून घेऊ."

मी म्हणालो, "पोरगा निघाला आहे. सकाळी पोचतो. अग्नी तो देईल."

"काकाजी, सकाळी कसा पोचंल?"

"पंधरा तास लागतात. विचार चुन्नीला."

चुन्नीलाल गर्दीत उभा होता. त्याने मान खाली घातली. ओमेश्वरीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग आईच्या पायाशी जाऊन बसली. कुणीतरी म्हणालं, राहू द्या, म्हाताऱ्याचं मन आहे, थंडीचे दिवस आहेत. देवानंदने गोंदियाहून बर्फ आणवला. तिला ओसरीवर ठेवलं, उत्तरेला डोकं करून. या वेळी मी दिशा तपासली नाही.

२२ नोव्हेंबर

उजाडताना धुतलेला सदरा घातला. चुन्नीलालला म्हणालो, मोटरसायकल काढ. तो म्हणाला, "दादाजी, मी काय म्हणतो..." मी म्हणालो, वाटेत सांग. वाटेत त्याने काही सांगितलं नाही.

बिरसीच्या फाटकावर एक वर्दीवाला होता, परप्रांतातला, वयाने माझ्या पोरापेक्षा लहान.

"कहाँ जाना है, दादाजी?"

"जाना नहीं है, लेने आया हूँ। लड़का आ रहा है। विनिपेग से।"

"कौन सी फ्लाइट?"

"सीधी वाली।"

त्याने चुन्नीकडे पाहिलं. चुन्नी मोटरसायकलच्या आरशात बघत होता. मी वर्दीवाल्याला सगळं नीट सांगितलं: बारा हजार सत्तर किलोमीटर, पंधरा तास, उत्तर ध्रुवावरून, कम्प्यूटरवर इथलंच नाव आहे. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग आत जाऊन खुर्ची आणली, मला बसवलं आणि स्वतः समोर उकिडवा बसला.

"दादाजी, वो तो दूरी लिखी रहती है। कोई भी दो जगह का नाम डालो, निकल आती है। उसमें जहाज नहीं चलता।"

"नहीं चलता?"

"नहीं। उधर से आने वाले को तो तीन-तीन जहाज बदलने पड़ते हैं। दो दिन लग जाते हैं। वो भी टिकट मिले तो।"

शिकाऊ मुलांपैकी कुणाचं तरी विमान धावपट्टीवरून सुटलं, वर चढलं. मी उभा राहिलो. सवयच आहे. ते गावावरून वळसा घालून परत खाली आलं.

चुन्नी म्हणाला, "मी त्याच दिवशी सांगाले पाह्यजे होतं. पण तुम्ही एवढे खूश होते दादाजी."

घरी आलो तर सगळे फाटकाकडे तोंड करून बसलेले. माझ्या मागे कुणी नाही हे पाहून पुन्हा जमिनीकडे बघायला लागले. ओमेश्वरी मला आतल्या खोलीत घेऊन गेली.

"बाबूजी, दादा निघाला नाही. त्याले निघताच येत नाही."

"दोन दिवस लागले तरी थांबू."

"दोन दिवसांचं नाही बाबूजी. त्याच्या तिथल्या राहण्याचे कागद संपले. नव्या कागदाचा अर्ज टाकला हाय, दोन वर्षं होऊन राहिली. तो देशाबाहेर निघाला का अर्ज मेला. मंग त्याले परत कधीच जाता येत नाही. धड नोकरी नाही, काही नाही. कोठं तरी कोंबड्या कापाच्या कारखान्यात उभा राह्यते रात्रभर."

"मग निघतो म्हणाला कशाला?"

"रडून राहिला होता ना," ती म्हणाली. "रडताना माणूस काहीबी म्हणते."

कागदांचं मला अजून नीट उमगलेलं नाही. सातबारा हरवला तर तलाठी दुसरा देतो. एवढ्या मोठ्या देशात कुणीच देत नसेल का?

अग्नी मी दिला. देवानंद पुढे होत होता, मी त्याला बाजूला केलं.

२४ नोव्हेंबर

राख सावडून आणली. परत येताना ओमेश्वरी माझ्याबरोबर मागे राहिली.

"बाबूजी, मायले सगळं माहीत होतं. दिवाळीच्या आधीपासून."

"काय माहीत होतं?"

"दादाचं. तिनंच त्याले सांगितलं, तू येऊ नको म्हणून. पेरू आणाले पाठवलं तुम्हाले, त्याच दिवशी शपथ घातली."

मी चालत राहिलो. बांधीत कापलेल्या धानाचे खुंट पायाला टोचत होते. मग विचारलं, "मग मला रोज विचारायची ती, कोठवर आला म्हणून?"

"तुम्ही सांगत होते तं चांगलं वाटत होतं तिले." थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, "तुम्ही बी जेवत होते त्या दिवसांत."

मी जेवत होतो हे खरं आहे. फुलवंता माझं ताट वाकून बघायची. मला वाटायचं, तिला भूक लागत असावी.

२७ नोव्हेंबर

रोज लोक बसायला येतात. आमच्याकडे तेरवीपर्यंत ही रीत आहे. सगेसोयरे, गावातले, ज्यांची कधी भांडणं झाली तेही. येतात, भिंतीला टेकून बसतात, थोडं बोलतात, थोडं गप्प राहतात, आणि येतो असं न म्हणता उठून जातात. शेजारची धुरपताबाई रोज येते. आज म्हणाली, "काय करता भाऊजी, ज्याच्यासाठी जीव टांगून ठेवला त्याले मायचं तोंडबी पाहाले भेटलं नाही. असे पोट्टे काय कामाचे."

ओमेश्वरी तिला म्हणाली, "काकू, चहा घ्या."

धुरपताबाईचं बोलणं मला खोडून काढावं असं वाटलं नाही, हेच मला खुपत आहे.

लोकेंद्राचे फोन येतात. सकाळी येतो, संध्याकाळी येतो. मी उचलत नाही. ओमेश्वरी पदराआड घेऊन बोलते, मग फोन माझ्याकडे धरते. मी हाताने नको म्हणतो. तिने विचारलं, राग आला का. मी म्हणालो, नाही. राग नसेल तर काय आहे, त्याचं नाव सापडत नाही. त्याला दिसेल की मी त्याच्या मायशिवाय बसलो आहे, आणि मला दिसेल ती पांढरी भिंत. दोघांनी काय बोलायचं? बारा हजार सत्तर किलोमीटर मी रोज तिला ऐकवले. आता एक शब्द पलीकडे जात नाही.

जुन्या कविता मनात म्हणून पाहिल्या. पहिली ओळ येते. दुसरी येत नाही.

३० नोव्हेंबर

ओमेश्वरी चिडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"तो तिकडं उपाशी हाय बाबूजी. दोन वेळा कामावर गेला नाही. मायनं त्याले नको म्हटलं म्हणून आला नाही, अन् तुम्ही त्याच्याशी बोलून नाही राहिले. त्यानं करावं तरी काय?"

"तू जेवायला वाढ," मी म्हणालो.

"तुम्हीच वाढून घ्या."

वाढून घेतलं. खाल्लं नाही. आता ताट बघणारं कुणी नाही, हे चांगलंच झालं म्हणायचं.

देवानंद येऊन गेला. तेरवीला किती पानं धरायची म्हणून विचारत होता. मी म्हणालो, तुला वाटेल तेवढी धर.

१ डिसेंबर

आज दुपारी कुणी आलं नाही. ओमेश्वरी तांदूळ निवडत होती, मी ओसरीवर होतो. दुखवट्याच्या घराचं दार उघडंच असतं. दारात एक बाई येऊन उभी राहिली. पन्नाशीची असावी. उन्हाने काळवंडलेली, चपला हातात, काखेत कापडी पिशवी. इकडची वाटली नाही.

"हे लोकेंद्राचं घर होय का?"

या घराला गावात कुणी तसं म्हणत नाही. माझ्या नावाने, ग्यानीरामचं घर म्हणतात.

"होय. तुम्ही?"

"मी रुख्मा. केशोरीची."

केशोरी म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक, अर्जुनी मोरगावच्याही पलीकडे. तिथं आमची सोयरीक नाही, ओळख नाही. जातगोत तर तिच्या बोलण्यावरूनच वेगळं होतं. मी म्हणालो, "बाई, मी ओळखलं नाही तुम्हाला."

"कसे ओळखान? मीबी तुमाले आजच पाहून राहिली." तिने उंबऱ्याबाहेर चपला ठेवल्या. "माहा विक्की अन् तुमचा लोकेंद्र तिकडं एकाच खोलीत राह्यतात. जमिनीच्या खालची खोली हाय म्हणे. चार जण हायेत. विक्कीचेबी कागद तसेच अडकले. त्याचा बाप गेला तवा तोबी नाही आला. दोन वर्षं झाली त्या गोष्टीले."

ओमेश्वरी सुपातला हात तसाच ठेवून उठली होती.

"तवा तुमचा पोरगा त्याच्यापाशी बसला होता म्हणे, कामधंदा सोडून. आता ह्याची वेळ आली. विक्कीनं मले फोन केला. म्हणे, माय, हा खाऊन नाही राहिला, बाप बोलत नाही म्हणते. ह्याले जाता येत नाही, मले येत नाही. तुले तं जाता येते ना? मंग ह्याच्या जागी तू जाऊन बस." ती दम घ्यायला थांबली. "मंग काय करता. पहाटची बस धरली, अर्जुनीहून रेल्वे, गोंदियाहून ऑटो. गोंदियात तं चुकलीच होती, एका पोलिसानं बसवून देल्लं. लय लांब हाय जी तुमचं गाव."

मी म्हणालो, "आत या." ती आली. डोक्यावर पदर घेतला. पाहुणे बसतात त्या बाजूला तिने पाहिलं आणि तिकडे न जाता घरची माणसं बसतात तिथं, माझ्या शेजारी भिंतीला टेकून बसली. पिशवी मांडीवर घेतली. बोलली काहीच नाही. गावातल्या बायका येतात तशी रडलीही नाही. नुसती बसली, ज्या कामाला आली होती ते काम करत.

ओमेश्वरीने पाण्याचा गडवा पुढे केला. रुख्माबाईने हात आडवा धरला.

"पाणी मंग पिईन बाई. पहिले तुह्या भावाले फोन लाव, अन् तुह्या बापाच्या हातात दे. तिकडं रात्र हाय, पण दोघंबी जागे बसले हायेत." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सांगा त्याले भाऊ, पोचली म्हणून."